अंगठा लगेच, फळ सहा महिन्यांनी

पावसाळ्याच्या दिवसांत इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीच्या बाजूला किंवा बारामतीच्या जिरायत भागात रात्रीची जेवणे उरकली की मोबाइल वाजू लागतात. ग्रुपवर डाळिंबाचा फोटो येतो. फळावर तेलकट, काळपट डाग, डागाच्या मधोमध चिरलेली साल. खाली दोनच शब्द: ‘काय मारू?’ मिनिटाभरात पहिले उत्तर येते. औषधाचे नाव आणि पंपाला किती ग्रॅम, एवढेच. त्याखाली अंगठे उमटू लागतात. दहा मिनिटांनी कोणीतरी विचारतो, बाग कोणत्या बहाराची, पाऊस किती दिवस झाला, रोगट फांद्या काढल्या का, आधी काय फवारले? या प्रश्नांना अंगठा मिळत नाही. फोटो टाकणारा तोवर उद्याच्या फवारणीची तयारी करून झोपलेला असतो.

डाळिंब, द्राक्ष, ऊस, ढोबळी मिरची, कलिंगड, दुभती जनावरे, ज्याचा ग्रुप नाही असा विषय या पट्ट्यात शोधावा लागेल. एका व्हॉट्सअॅप ग्रुपात हजारभर माणसे मावतात. शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्र, माळेगावची अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था, मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, इतक्या संस्था काही तासांच्या अंतरावर असण्याचे भाग्य राज्यातल्या फार थोड्या शेतकऱ्यांना आहे. पण रात्री साडेनऊला त्यांचे दरवाजे बंद असतात आणि कृषी विभागाच्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याकडे एकच गाव नसते. तेव्हा शेतकरी शेतकऱ्याला विचारतो आणि समोरचा, दिवसभर रानात राबून आलेला, फुकट उत्तर देतो. या फुकटच्या कामाची मजुरी म्हणजे तो अंगठा. ती मजुरी मिळायलाच हवी. प्रश्न आहे तो ती कोणत्या वेळी आणि कशाबद्दल मिळते, याचा.

शाबासकीने मदत वाढते हे आता प्रयोगांनी दाखवलेले आहे. विकिपीडियावर विनामोबदला लिहिणाऱ्यांमध्ये सर्वाधिक काम करणाऱ्यांपैकी 200 जणांवर अमेरिकेतील दोन समाजशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला आणि 2012 मध्ये तो प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्मे निवडले आणि त्यांच्या पानावर एक चांदणीचे चित्र चिकटवले. पैसा नाही, अधिकार नाही, नुसती चांदणी. पुढच्या तीन महिन्यांत चांदणीवाल्यांचे काम उरलेल्यांपेक्षा सुमारे 60 टक्क्यांनी जास्त भरले. जर्मन विकिपीडियावर सुमारे 4000 नवख्या लेखकांवर झालेल्या अशाच एका प्रयोगात, ज्यांना छोटा मान मिळाला त्यांच्यातले टिकून राहणारे 20 टक्क्यांनी वाढले. म्हणजे ‘अंगठ्याने काय होतंय’ असे म्हणून हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नाही. अंगठ्याने बरेच काही होते. म्हणूनच तो चुकीच्या जागी पडला तर बरेच काही बिघडतेही.

मतांवरून माणसाची पत ठरवण्याची सर्वांत गाजलेली पद्धत संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांची आहे. 2008 मध्ये सुरू झालेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या संकेतस्थळावर कोणी अडचण मांडतो, बाकीचे उत्तरे देतात. उत्तर आवडले की उत्तर देणाऱ्याला 10 गुण. ज्याची अडचण होती त्याने ‘हे चालले’ अशी खूण केली तर आणखी 15. चुकीच्या उत्तराला उणे मतही देता येते, पण ते देणाऱ्याचाही एक गुण कापला जातो, म्हणजे उगाच कोणी दगड मारत सुटू नये. गुण वाढले की इतरांचे लेखन दुरुस्त करण्याचे अधिकार मिळतात. लाखो प्रश्नांची नेमकी उत्तरे या पद्धतीने उभी राहिली. तिचे यश पाहून असेच गुण, असेच तारे शेतीच्या अॅपांतही येऊ लागले.

मात्र या नकलेत एक गोष्ट सुटते. प्रोग्राम लिहिणारा माणूस उत्तर मिळताच ते चालवून पाहतो. चालले की नाही हे त्याला काही मिनिटांत कळते आणि तो मत देतो ते पाहून देतो. बारामती-इंदापुरातला आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि कारखान्याच्या काट्यावर पोचायला सोळा-अठरा महिने घेतो. लागणीच्या वेळी बेसल डोस किती टाकायचा, या सल्ल्याचा खरेखोटेपणा कळणार पुढच्याच्या पुढच्या वर्षी. अंगठा मात्र अर्ध्या मिनिटात पडलेला असतो. डाळिंबातही फुलापासून तोडणीपर्यंत पाच ते सहा महिने जातात. इथला अंगठा उत्तराला नसतोच. तो उत्तर देणाऱ्याच्या चपळाईला असतो आणि ठामपणाला असतो. ‘बघून सांगतो’ म्हणणारा मागे पडतो. ‘हे मारा, शंभर टक्के रिझल्ट’ म्हणणारा वर्षभरात ग्रुपचा डॉक्टर होऊन बसतो.

तेल्याचेच उदाहरण घ्यावे, कारण या रोगाने महाराष्ट्रातल्या कितीतरी बागा उपटायला लावल्या आहेत. हा जिवाणूजन्य रोग. उष्ण, दमट हवा आणि पावसाचे उडणारे थेंब हे त्याचे वाहन. रोगट रोपे, फांद्यांवरचे जुने डाग, बागेत पडलेली डागाळलेली फळे आणि निर्जंतुक न केलेली छाटणीची कात्री हे त्याचे आश्रय. चार दिवस झड लागते, डाग वाढतात, शेतकरी घाबरतो, ग्रुपवर फोटो टाकतो, कोणी औषध सांगतो, फवारणी होते. आठवड्याने पाऊस उघडतो, हवा कोरडी होते, डागांचा फैलाव मंदावतो. औषध घेतले नसते तरी तो काही प्रमाणात मंदावलाच असता. श्रेय कोणाला? ज्याने औषध सांगितले त्याला. ‘भाऊ, तुमच्यामुळे बाग वाचली’ असा संदेश येतो आणि त्याखाली पुन्हा पन्नास अंगठे. यात कोणी खोटे बोलत नाही. माणूस मदत मागतो तो बहुधा परिस्थिती सर्वांत वाईट असताना. त्यानंतर ती थोडी सुधारणारच असते. सर्दीच्या तिसऱ्या दिवशी घेतलेल्या काढ्याला जे श्रेय मिळते, तेच इथे फवारणीला मिळते.

याउलट ज्याचा सल्ला खरोखर कामाचा, त्याला श्रेय मिळण्याची सोयच नाही. ‘तुमच्या रानात तेल्या मुरलाय, मृग बहार सोडा, हस्त धरा, पडलेली फळे वेचून नष्ट करा, कात्री दर झाडाला सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा’ असे जो सांगतो, तो न आलेल्या रोगाचा फोटो कुठून टाकणार? टळलेल्या नुकसानीला अंगठा नाही. हेच आरोग्याच्या क्षेत्रात लस देणाऱ्याचे आणि पाणी शुद्ध करणाऱ्याचे दुखणे आहे.

यात आरोग्याचा प्रश्न केवळ उपमेपुरता नाही. तेल्यावर वर्षानुवर्षे फवारले जाणारे एक औषध म्हणजे स्ट्रेप्टोसायक्लिन. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही दोन प्रतिजैविके असतात. 1943 मध्ये सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावर चाललेले पहिले प्रतिजैविक. प्रतिजैविके शेतात जितकी मोकळेपणाने उधळली जातील तितके जिवाणू त्यांना सरावतात, ही काळजी लक्षात घेऊन केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये पिकांवरील या मिश्रणावर बंदी आणण्याचा मसुदा काढला. पण ‘स्ट्रेप्टो मारा’ या दोन शब्दांच्या उत्तराला अंगठा देताना क्षयरोग्याचा विचार कोण करतो? त्याने करावा अशी अपेक्षाही नाही. अडचण अशी की मतदान करणाऱ्यांमध्ये तो रोगी नाही.

तसा मतदानात नसलेला आणखी एक माणूस आहे, पाठीवर पंप घेऊन फवारणारा मजूर. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. वेगवेगळी औषधे एकत्र कालवून मारणे हे तेव्हा पुढे आलेल्या कारणांपैकी एक होते. ग्रुपवर सर्वांत जास्त अंगठे कोणत्या सल्ल्याला मिळतात हे कोणत्याही अॅडमिनने एकदा वर सरकवून पाहावे. ‘हे आणि ते आणि टॉनिक, तिन्ही एकाच टाकीत’ असल्या सल्ल्याचा नंबर वर लागेल. एका फेरीत काम उरकते, मजुरी वाचते, मालक खूश. तोंडाला फडके बांधून ते मिश्रण अंगावर घेणारा त्या ग्रुपात नाही. फळ खाणारा ग्राहकही नाही. 2010 च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि निर्यातदार संकटात आले. वेलीची वाढ आवरण्यासाठी हे संजीवक बागाईतदार विश्वासाने वापरत होते. त्या वेळी मतदान घेतले असते तर ते भरघोस मतांनी निवडून आले असते. युरोपातल्या प्रयोगशाळेला मत विचारायचे नसते.

एवढ्यावर कोणी म्हणेल, हजार माणसे आहेत, चूक झाली तर दुसरा दुरुस्त करेलच. दोन कारणांनी ते घडत नाही. पहिले कारण 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगाने दाखवले. बातम्यांवर चर्चा चालणाऱ्या एका संकेतस्थळावर पाच महिन्यांत आलेल्या लाखभर प्रतिक्रियांपैकी काहींना संशोधकांनी मुद्दाम, त्यांचा दर्जा न पाहता, एक वाढीव पसंतीचे मत देऊन ठेवले. पुढच्या वाचकाने पसंती देण्याची शक्यता त्या एका खोट्या मताने 32 टक्क्यांनी वाढली आणि शेवटी त्या प्रतिक्रियांची गुणसंख्या सरासरी 25 टक्के जास्त भरली. मुद्दाम दिलेली नापसंतीची मते मात्र नंतरच्या वाचकांनी भरून काढली. अर्थ असा, की पहिला अंगठा ज्याला पडला त्याच्यामागे रांग लागते. हा पहिला अंगठा औषध विकणाऱ्याचा असू शकतो. किंवा उत्तर देणाऱ्याच्या पाहुण्याचा.

दुसरे कारण प्रयोगाशिवायही कळेल. ग्रुपात भावकी आहे, सोसायटीचे संचालक आहेत, उधारीवर औषध देणारा दुकानदार आहे, पुढच्या महिन्यात ज्याच्या मुलीच्या लग्नाला जायचे तो आहे. ‘दादा, तुमचा डोस चुकला’ हे चारचौघांत कोण लिहिणार? अनोळखी माणसांच्या बाजारातही हे जमत नाही. ‘ईबे’वर खरेदी-विक्री करणाऱ्यांनी एकमेकांना दिलेले शेरे अमेरिकेतील दोन संशोधकांनी तपासले, तेव्हा खरेदीदारांचे 99 टक्क्यांहून अधिक शेरे चांगलेच निघाले. वाईट लिहिले तर समोरचाही वाईट लिहील, ही भीती त्यामागच्या कारणांपैकी एक. सगळेच चांगले असले की कोण खरा चांगला, हे कळायचा मार्ग बंद होतो. गावात तर ती भीती शेऱ्यापुरती राहत नाही, बांधापर्यंत जाते.

मग सल्ला फक्त शास्त्रज्ञांनी द्यावा, हा त्यावरचा उपाय नव्हे. गुजरातमध्ये शेतकऱ्यांसाठी फोनवर सल्ला ऐकवण्याच्या एका सेवेत काही वर्षांपूर्वी मजेदार चाचणी झाली. काहींना सल्ले कृषी शास्त्रज्ञांच्या आवाजात ऐकवले, काहींना शेतकऱ्यांच्या आवाजात. नंतर विचारले तर शेतकरी म्हणाले, आमचा भरवसा शास्त्रज्ञांवर. पण सल्ला ऐकून अधिक माहितीसाठी पुन्हा फोन करणारे मोजले, तेव्हा शेतकऱ्याच्या आवाजातल्या सल्ल्यामागे जास्त जण आले होते. माणूस कोणाचे ऐकेन असे सांगतो आणि प्रत्यक्षात कोणाचे ऐकतो, यात हे अंतर राहणारच. ग्रुपमधला शेतकरी सल्लागार राहणार आहे. त्याची पत नीट मोजणे एवढेच हातात आहे.

ती मोजायची पद्धत या भागाला परकी नाही. मोबाइल येण्याआधी कोणाचे ऐकायचे हे बांधावरून ठरत असे. येता-जाता शेजारच्याचा ऊस दिसायचा, कांडीची जाडी दिसायची, खोडवा कसा फुटला ते दिसायचे. भवानीनगरला किंवा माळेगावला ऊस गेला की काट्याची पावती यायची आणि एकरी किती टन पडले ते चहाच्या टपरीवर पोचायचे. ती मते उशिरा पडत, थोडीच पडत, पण निकाल पाहून पडत. बोलघेवडा माणूस तेव्हाही होता. त्याच्या बोलण्याला हसून दाद मिळे, पण बेणे कोणते लावायचे ते विचारायला लोक दुसऱ्याच वस्तीवर जात. दाद वेगळी आणि भरवसा वेगळा, हा फरक गावाला पाठ होता. मोबाइलच्या अंगठ्याने दोन्ही एकाच चिन्हात कोंबले.

तो फरक परत आणता येईल, आणि त्यासाठी नवे अॅप लागत नाही. आभाराचा अंगठा जसा आहे तसा चालू द्यावा. रात्री साडेनऊला वेळ काढणाऱ्याला तेवढे मिळालेच पाहिजे आणि नव्याने बोलू लागलेल्याला तर आवर्जून. पण ग्रुपचा ‘मार्गदर्शक’ कोण, वार्षिक बैठकीत नारळ-शाल कोणाला, ज्याचा शब्द अॅडमिन वर पिन करून ठेवतो तो कोण, हे त्या अंगठ्यांवरून ठरवू नये. ज्याने प्रश्न विचारला त्याने तोडणीनंतर, तोच फोटो पुन्हा टाकून, चार ओळी लिहाव्यात: काय केले, काय केले नाही, पाऊस कसा होता, माल किती निघाला, पट्टी काय आली. मत त्या नोंदीखाली घ्यावे. व्हॉट्सअॅपवरची मतचाचणी त्याला पुरेशी आहे. ‘हा सल्ला फसला’ असा पर्यायही तीत असावा, फक्त त्यावर कोण बोट ठेवते ते अॅडमिनच्या बाहेर जाऊ नये. व्हॉट्सअॅपच्या मतचाचणीत नावे उघडी दिसतात, म्हणून हा एवढा भाग कागदाच्या चिठ्ठीवर घेतलेला बरा. बैठकीला माणसे येतातच.

विषारी औषधांचे डोस आणि मिश्रणे यांना मात्र मतदानातूनच वगळावे. डब्यावरच्या लेबलात काय लिहिले आहे आणि फवारणीपासून काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे, हा बहुमताचा विषय नाही. तिथे उत्तर एकच: लेबलाचा फोटो टाका, नाहीतर कृषी विज्ञान केंद्राला किंवा किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या क्रमांकावर विचारा. जो उत्तर देतो तो औषध विकतही असेल तर नावापुढे तसे लिहावे. विकणे हा गुन्हा नाही. विकतो हे माहीत असले की ऐकणारा त्या हिशेबाने ऐकतो.

यावर आक्षेप येईल की सहा महिन्यांनी कोण लिहायला बसतो. खरे आहे, बहुतेक जण लिहिणार नाहीत. ज्यांचा माल चांगला निघाला तेच लिहितील, फसलेला गप्प बसेल, म्हणजे पुन्हा एकतर्फीच चित्र, हाही धोका आहे. म्हणून हे काम प्रश्न विचारणाऱ्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. अॅडमिनला ते मागावे लागेल, पाच-सहा निवडक बागांपुरते का होईना, आणि कोणत्या बागा ते आधी, पावसाळ्यातच ठरवावे लागेल. शंभर अंगठ्यांपेक्षा अशा सहा नोंदी जास्त शिकवतील. बारामतीत ऊसशेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू आहे. उपग्रहाची छायाचित्रे, हवामान केंद्र आणि जमिनीतला ओलावा मोजणारी यंत्रे यांच्या जोरावर मोबाइलवर सल्ला येतो. त्या यंत्राच्या सल्ल्याची परीक्षाही शेवटी काट्यावरच व्हायची आहे. माणसाच्या सल्ल्याला ती सूट कशासाठी? प्रोग्रामवाल्यांच्या त्या संकेतस्थळाने डिसेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटीने लिहिलेली उत्तरे टाकायला बंदी केली, तेव्हा कारण हेच दिले होते की ती दिसायला बरोबर वाटतात आणि बऱ्याचदा चुकलेली असतात. आता ‘काय मारू?’ या प्रश्नाला तशी गुळगुळीत, लांबलचक उत्तरे आपल्या ग्रुपांवरही मराठीत येऊ लागतील आणि अंगठे त्यांनाही पडतील.

मृग बहाराची ती डागाळलेली बाग नोव्हेंबर-डिसेंबरात तोडणीला येते. तेव्हा ग्रुपवर हस्त बहाराच्या फळांचे फोटो सुरू झालेले असतात आणि जुलैचा फोटो कोणाला आठवत नाही. अॅडमिनने त्या रात्रीची तारीख वहीत टिपून ठेवली असेल, तर तो वर सरकवून शोधायला दोन मिनिटे लागतात. खाली एवढेच लिहायचे: ‘दादा, त्या बागेचं काय झालं?’